बागेतल्या शेडसाठी एमसीबी किती अँपिअरचा, आणि आरसीसीबी नेमका कुठे?

बकुळ
नमस्कार मंडळी. बागेच्या टोकाला शेड उभी राहिली आहे, आता लाइट ओढायची आहे. घरातल्या डीबीपासून (मुख्य वीजपेटीपासून) शेडच्या दारापर्यंत केबलचा मार्ग मोजला तर ३५ मीटर भरतो. आत एलईडी ट्यूब, बॅटरीवरच्या अवजारांचे चार्जर, पाण्याचा छोटा पंप, आणि नवऱ्याच्या सुतारकामासाठी १८०० वॉटची टेबल सॉ (गोल पात्याची करवत), सोबत भुसा ओढणारा १२०० वॉटचा व्हॅक्यूम. सॉ आणि व्हॅक्यूम एकाच वेळी चालतात.

काम वायरमनकडूनच करून घेणार. पण दोघांना विचारलं तर दोन उत्तरं आली. एक म्हणाला, "अडीचची (अडीच चौरस मिलिमीटरची) वायर ओढू, सी कर्व्हचा ३२ अँपिअरचा एमसीबी टाकू, कधी पडणार नाही." दुसरा म्हणाला, "१६ पुरे, पण आरसीसीबी नसेल तर मी कामाला हात लावणार नाही." एमसीबी म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच आणि आरसीसीबी म्हणजे करंट गळला की पडणारा, एवढंच मला ठाऊक. मला आकडा पाठ करायचा नाहीये, तो कसा ठरतो ते समजून घ्यायचंय. जाणकारांनी सांगावं.

निवांत
एवढा खटाटोप कशाला? बाहेरच्या सॉकेटमधून एक जाड एक्स्टेन्शन ओढा, काम झालं की गुंडाळून ठेवा.

गिरमिट
निवांत, एका ट्यूबसाठी चालेल. सॉ आणि व्हॅक्यूम मिळून १३ अँपिअरच्या वर जातात. रीळ पूर्ण न सोडता एवढा लोड टाकलात तर आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर पडायला जागाच नसते, इन्सुलेशन मऊ पडून चिकटतं. शिवाय रोज पायाखाली येणारी, दारात चेंगरणारी वायर. कायमची जागा आहे तर कायमचं वायरिंग करा.

बकुळताई, मी स्वतः लाकूडकाम करतो. माझं मत पहिल्या वायरमनच्या बाजूने. लहान एमसीबी टाकलात तर सॉ चालू करताना दर वेळी पडेल आणि काम करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येईल.

ओहमकार
गिरमिट, मोटर चालू करताना पडू नये हे रास्त आहे, पण त्यासाठी ३२ लागत नाही. जरा सविस्तर लिहितो.

एमसीबी यंत्रासाठी नसतो, तो भिंतीतल्या आणि जमिनीतल्या वायरसाठी असतो. म्हणून क्रम असा: आधी लोड, मग त्या लोडला आणि अंतराला पुरणारी केबल, आणि मग त्या केबलला सांभाळेल असा एमसीबी. लोडच्या करंटपेक्षा एमसीबी मोठा, आणि एमसीबीपेक्षा केबलची क्षमता मोठी. यातली कुठलीही पायरी उलटी झाली की गडबड.

अडीच स्क्वेअरची तांब्याची वायर कशी बसवली आहे त्यानुसार साधारण २० ते २७ अँपिअर पेलते. त्यावर ३२ चा एमसीबी म्हणजे वायर तापेल तरी एमसीबी शांत. आणि ३२ लिहिलं म्हणजे ३३ ला पडतो असंही नाही. मानकाप्रमाणे १.१३ पटीला, म्हणजे ३६ अँपिअरला, त्याने तासभर पडू नये अशीच अपेक्षा असते. १.४५ पटीला, म्हणजे ४६ अँपिअरला, तो तासाभरात पडला पाहिजे. तासाभरात! तेवढा वेळ अडीचच्या वायरमधून ४६ अँपिअर वाहत राहतील. "कधी पडणार नाही" ही या एमसीबीची तारीफ नाही, तोच त्याचा दोष आहे.

आता अंतर. तुमचा एकूण लोड २० अँपिअर धरू. ३५ मीटरवर अडीचच्या केबलमध्ये सुमारे १२.६ व्होल्ट वाटेतच कमी होतात (ड्रॉप), चारच्या केबलमध्ये ७.७ आणि सहाच्या केबलमध्ये ५.१. पुरवठा २३० व्होल्टचा असेल तर अनुक्रमे साडेपाच, सव्वातीन आणि सव्वादोन टक्के. सॉ सुरू होताना करंट कित्येक पट होतो, तेव्हा हा ड्रॉपही तेवढाच वाढतो. बारीक केबलवर मोटर रखडत उठते, सुरुवातीचा मोठा करंट जास्त वेळ टिकतो आणि मग एमसीबी पडतो. गिरमिट, तुम्ही म्हणता तो त्रास बऱ्याचदा केबलचा असतो, नाव एमसीबीचं खराब होतं.

माझ्या मते सहाची केबल. चारची चालेल, पण खड्डा एकदाच खणायचा आहे.

सावली
अगदी प्राथमिक प्रश्न, हसू नका. बी, सी, डी कर्व्ह म्हणजे काय? दर्जा का?

खांबावरचा
हसण्यासारखं काही नाही, कित्येक जण सी म्हणजे तिसऱ्या प्रतीचा माल समजतात.

एमसीबीच्या आत दोन यंत्रणा असतात. एक पट्टी, जी तापून हळूहळू वाकते, ती ओव्हरलोडसाठी. दुसरी कॉइल, जी शॉर्ट झाला की क्षणात खेचते. ही कॉइल किती पट करंटला खेचते ते अक्षर सांगतं. बी असेल तर ३ ते ५ पट, सी ५ ते १० पट, डी १० ते २० पट. म्हणजे १६ अँपिअरचा बी ४८ ते ८० च्या मध्ये कुठेही पडू शकतो, १६ चा सी ८० पर्यंत दम धरतो.

ताईंची सॉ चालताना साधारण ९ अँपिअर घेईल. सुरू होताना सहापट धरली तर ५०-५५. बी-१६ वर कधी पडेल, कधी नाही. सी-१६ वर पडायचं कारण नाही. दिव्यांना बी-६. डी घरगुती शेडमध्ये लागत नाही, तो मोठ्या ट्रान्सफॉर्मर, वेल्डिंग वगैरेसाठी.

गिरमिट
ठीक, सी-१६ वर सॉ उठणार असेल तर माझी ३२ साठी हट्ट धरायची इच्छा नाही. पण मग सगळीकडे सी, किंवा थेट डी का नको? जास्त दम धरला तर बिघडलं कुठे?

ओहमकार
बिघडतं ते इथे, आणि हा मुद्दा ३५ मीटरमुळे महत्त्वाचा होतो.

समजा सॉच्या धातूच्या अंगाला फेज चिकटली. करंट अर्थच्या वायरने परत जाईल. किती? तो वाटेतल्या सगळ्या रोधावर ठरतो. घराच्या डीबीवर हा लूप इम्पीडन्स ०.३५ ओहम धरू. अडीच स्क्वेअरची ३५ मीटर फेज आणि तेवढीच अर्थ मिळून आणखी ०.५२. एकूण ०.८७. २३० भागिले ०.८७, म्हणजे २६४ अँपिअर.

सी-३२ ची कॉइल नक्की खेचण्यासाठी ३२० अँपिअर लागतात. ते इथे मिळतच नाहीत! मग पट्टी तापण्याची वाट पाहायची, त्याला काही सेकंद जातात, आणि तेवढे सेकंद सॉचं अंग धोकादायक व्होल्टेजवर असतं, त्यावर कुणाचा तरी हात असतो. सी-१६ ला मात्र १६० अँपिअर पुरतात, तो क्षणात पडेल. डी-१६ घेतला की पुन्हा ३२० चीच अट.

सहाच्या केबलमध्ये तोच मार्ग ०.२२ ओहम होतो, एकूण ०.५७, फॉल्ट करंट ४०० च्या आसपास. जाड केबलचा हा दुसरा फायदा कुणी सांगत नाही. ०.३५ हा मी गृहीत धरलेला आकडा आहे. तुमच्या डीबीवर वायरमनने लूप टेस्टर लावून खरा आकडा घ्यायचा, आणि वायर तापल्यावर रोध वाढतो म्हणून हिशोबात थोडी मोकळीक ठेवायची.

कवडसा
वाचनखूण साठवली आहे. इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

सावली
मग एमसीबी नीट निवडला की आरसीसीबी कशाला? दुसरे वायरमन उगाच खर्च वाढवतायत का?

खांबावरचा
अजिबात नाही. दुसरा वायरमन ठेवा, पहिल्याला नारळ द्या.

सावली, माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअर गेले तरी जिवावर बेतू शकतं. १६ चा एमसीबी १६,००० मिलिअँपिअर आनंदाने जाऊ देतो. तो तुमच्यासाठी पडणारच नाही. आरसीसीबी फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परतला का ते पाहतो. फरक पडला म्हणजे कुठेतरी गळतोय, कदाचित माणसातून. ३० मिलिअँपिअरचा असेल तर त्या फरकाला ३०० मिलिसेकंदांत आणि पाचपट फरकाला ४० मिलिसेकंदांत पडावाच लागतो.

शेडमध्ये ओली माती, अनवाणी पाय, पंप, कातरली जाणारी वायर, सगळं एकत्र. तिथे आरसीसीबी नको म्हणणं मला तरी पटत नाही.

चिकित्सक
खांबावरचांना जोडून तीन गोष्टी, कारण आरसीसीबी लावला की लोक निर्धास्त होतात.

साध्या आरसीसीबीत ओव्हरलोड किंवा शॉर्टचं संरक्षण नसतं. त्याच्यावर ४० अँपिअर लिहिलेलं असतं ते त्याची स्वतःची वाहण्याची क्षमता, तो ४० ला पडत नाही. त्याच्या जोडीला एमसीबी हवाच, किंवा दोन्ही एकात असलेला आरसीबीओ.

दुसरं, तो झटक्याचा जोर कमी करत नाही, झटक्याचा वेळ कमी करतो. झटका बसतोच.

तिसरं, एक हात फेजला आणि एक न्यूट्रलला लागला आणि जमिनीकडे काही गेलं नाही, तर त्याच्या दृष्टीने तुम्ही एक बल्ब आहात. तो पडणार नाही.

रातकिडा
बल्ब आणि मी? आमच्या हिला सांगतो, घरात उजेड पाडणारा कुणीतरी आहे म्हणून.

बकुळ
:-) रातकिडा, जपून.

सगळं दोनदा वाचलं. आता पुढचा प्रश्न: आरसीसीबी घराच्या डीबीत की शेडमध्ये? आणि शेडच्या बाजूला अर्थिंगची वेगळी काठी ठोकायची का? दोन्ही वायरमन यावरही भांडले.

गिरमिट
शेडमध्ये. घरात लावलात आणि पंपाने पाडला, तर पावसात, अंधारात घरापर्यंत चालत जा. आणि घरातल्या मुख्य आरसीसीबीवरच जोडलंत तर शेडमधल्या ओलाव्याने घराचे दिवे जातील.

चिकित्सक
असहमत. शेडमध्ये लावला तर मधली ३५ मीटर केबल त्याच्या संरक्षणाबाहेर राहते. कुदळीचा घाव नेमका तिथेच बसतो.

गिरमिट
कुदळीचा घाव बसू नये म्हणूनच केबल खोल पुरतात, वर इशाऱ्याची पट्टी टाकतात. आणि दोन्हीकडे ३० चे लावायचे म्हटलं तर दोन्ही एकदम पडतात, मग फायदा काय?

ओहमकार
दोघांचंही म्हणणं एकत्र बसतं. आर्मर्ड (पोलादी तारांच्या कवचाची) केबल घ्या आणि तिचं आर्मर घराच्या टोकाला अर्थला घट्ट जोडा. कुदळ आत शिरली तर आधी अर्थ असलेल्या पोलादी तारांना लागते, मग फेजला. तिथे थेट शॉर्ट होतो आणि एमसीबी पडतो. घराच्या अर्थचा लूप कमी रोधाचा असेल तर मधल्या केबलला ३० मिलिअँपिअर लागत नाही. ३० मिलिअँपिअर शेडमध्ये, हात लागतात तिथे.

घराच्या टोकालाही आरसीसीबी हवा असेल तर १०० मिलिअँपिअरचा, उशिरा पडणारा, ज्याच्यावर चौकटीत एस लिहिलेलं असतं तो घ्या. तो मुद्दाम थोडा थांबतो, तेवढ्यात शेडमधला ३० वाला पडून मोकळा होतो. गिरमिट म्हणतात ते खरं आहे, दोन ३० एकामागे एक लावून कुठला आधी पडेल हे सांगता येत नाही. आकडा मोठा असून भागत नाही, उशीरही हवा.

काठीबद्दल. काठीचा रोध साधारण दहा-वीस ओहमपासून शंभरावर कितीही असतो. ४० ओहम धरा: २३० भागिले ४०, पावणेसहा अँपिअर. त्याने ६ चा एमसीबीसुद्धा पडत नाही. फक्त काठीवर चालणाऱ्या शेडमध्ये आरसीसीबी हा एकमेव रक्षक असतो, आणि अशा वेळी घराच्या टोकालाही तो लावलेलाच बरा. ३० मिलिअँपिअरसाठी कागदावर १६६६ ओहमपर्यंत चालतं, कारण अंगावरचं व्होल्टेज ५० च्या आत राहतं. पण माती वाळली की रोध चढतो, म्हणून दोनशेच्या आत ठेवावा.

घराचा अर्थ चांगला असेल तर केबलमधून तोच न्या. काठीच वापरायची ठरली तर केबलचं आर्मर शेडच्या टोकाला मोकळं आणि झाकलेलं ठेवा, म्हणजे दोन वेगळे अर्थ एकाच माणसाच्या दोन हातांत येणार नाहीत. आणि शेडच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ जोडायचे नाहीत. कुणी "काठी आहेच, न्यूट्रलला जोडून टाकू" म्हटलं तर काम तिथेच थांबवा.

अंगठेबहाद्दर
आमच्या शेडमध्ये तंतोतंत असं होतं: पंपाचा स्विच बंद असताना आरसीसीबी पडतो! वायरमन म्हणतो आरसीसीबी बिघडलाय. विषय थोडा वेगळा आहे, माफी.

खांबावरचा
बदलण्याआधी थांबा. साधा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. पंपात पाणी शिरून न्यूट्रल अर्थला टेकला असेल तर इतर लोडचा परतीचा करंट त्या वाटेने गळतो. पंपाचा प्लग पूर्ण काढा आणि बघा. नाही पडला तर पंप मेगर करून (इन्सुलेशन तपासून) घ्या. तरीही पडला तर जंक्शन बॉक्स उघडा: मुंग्या, ओल, उंदराने कुरतडलेली वायर. शेडच्या बॉक्समध्ये मुंग्या कशासाठी घर करतात देवाला ठाऊक, पण करतात. केबल बॉक्समध्ये जिथे शिरते तिथे नीट ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) लावा, भोक उघडं ठेवू नका. आणि केबल वरून आणण्यापेक्षा खालून आत घ्या, पाणी ओघळून आत येत नाही.

अंगठेबहाद्दर
प्लग काढल्यावर दिवसभर पडला नाही. पंपच निघाला. फार आभार!

कवडसा
अवांतर: अमेरिकेतल्या नातेवाइकाच्या सॉकेटवर टेस्टचं बटण असतं आणि ते ५ मिलिअँपिअरला पडतं म्हणे. मग आपण ३० वर का समाधान मानतो?

चिकित्सक
त्यामागे चार्ल्स डाल्झिएल यांचं काम आहे. बर्कलीतले विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. किती करंटपर्यंत माणूस पकडलेली तार स्वतःहून सोडू शकतो हे त्यांनी स्वयंसेवकांवर मोजलं. मोठ्या माणसांत साधारण १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडायला लागतात. १९६१ मध्ये त्यांनी तिथलं उपकरण बनवलं, ते ४ ते ६ मिलिअँपिअरला पडतं, म्हणजे हात सुटण्याच्या मर्यादेखाली.

३० ची भूमिका वेगळी आहे. हृदयाची लय बिघडण्याआधी पुरवठा तुटला पाहिजे, हा तिचा पाया. ५ वाला बहुधा एकेका सॉकेटवर असतो, म्हणून चालतो. ३० वाल्यामागे पूर्ण सर्किट असतं. चार्जर आणि एलईडी ड्रायव्हरच्या फिल्टरमधून निरोगी अवस्थेतही थोडी गळती होतच असते, ती सगळी बेरजेत धरली जाते. ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. म्हणून नेहमीची गळती ९-१० च्या आत राहील इतकीच उपकरणं एकामागे जोडावीत.

ताईंसाठी यातून एक निष्कर्ष: ए टाइपचा घ्या. जुना एसी टाइप फक्त शुद्ध एसी गळती ओळखतो. चार्जर, वेग बदलणारी अवजारं यांतून तुकड्या-तुकड्यांचा डीसी गळतो, त्याने एसी टाइप आंधळा होऊ शकतो. पुढे शेडशेजारी गाडीचं चार्जिंग करणार असाल तर ते वेगळं सर्किट आणि वेगळा विचार.

गिरमिट
आता मी एक गोष्ट सांगतो जी वरच्या आकडेमोडीत राहून गेली, आणि लाकूडकाम करणाऱ्याला तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. दिवे आणि सॉ एकाच आरसीसीबीमागे ठेवू नका!

सॉ चालू असताना व्हॅक्यूमने आरसीसीबी पाडला तर पातं लगेच थांबत नाही, काही सेकंद फिरत राहतं. त्या क्षणी दिवे गेले की मिट्ट अंधारात हात पात्याजवळ. माझ्या एका स्नेह्याचं बोट याच कारणाने थोडक्यात वाचलं. दिव्यांना वेगळा आरसीबीओ, सॉकेटना वेगळा, पंपाला वेगळा. शिवाय बॅटरीवर आपोआप लागणारा एक दिवा.

दुसरं, लाइट परत आल्यावर सॉ आपोआप सुरू होता कामा नये. सॉवर नो-व्होल्ट रिलीजचा स्विच आहे का बघा. हिरवं-लाल बटण असून लाइट गेली की हिरवं सुटलं पाहिजे. खटका तसाच चालू राहणारा असेल तर स्विच बदलून घ्या. एमसीबी पडला, कुणी जाऊन चढवला, आणि दुसरा पात्यावरचा भुसा झाडत होता, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

ओहमकार
गिरमिट, हे सोन्यासारखं लिहिलंत. आरसीबीओ वेगवेगळे करण्याचं याहून चांगलं कारण मला देता आलं नसतं.

निवांत
एक्स्टेन्शनचा सल्ला मागे घेतो. :-)

बकुळ
सगळ्यांचे मनापासून आभार. दुसऱ्या वायरमनशी बोलून ठरवलेलं मांडते, चुकत असेल तर आत्ताच सांगा.

घराच्या डीबीतून स्वतंत्र सर्किट, दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) सी-२५ एमसीबी. सहा स्क्वेअरची तीन कोअरची आर्मर्ड केबल, वर इशाऱ्याची पट्टी. घराचा अर्थ तपासून केबलमधून शेडला. शेडमध्ये आयपी६५ चा (धूळ-पाणी आत न येणारा) बोर्ड, त्यात आधी दोन पोलचा आयसोलेटर (सगळा पुरवठा हाताने तोडायचा स्विच), मग ए टाइपचे ३० मिलिअँपिअरचे तीन आरसीबीओ: दिव्यांना बी-६ आणि दीडची वायर, सॉकेटना सी-१६ आणि अडीचची वायर, पंपाला सी-६. सॉकेट जमिनीपासून वर, बाकाच्या उंचीच्या पुढे. सॉचा स्विच कालच बघितला, खटका तसाच राहतो, म्हणून बदलायला दिला.

शंका एकच. घरचा २५ आणि शेडचा १६, शॉर्ट झाला तर कुठला पडेल?

ओहमकार
ओव्हरलोडला शेडचा १६ आधी पडेल. थेट शॉर्टला दोन्ही पडू शकतात, कारण तेव्हा दोघांच्याही कॉइल खेचतात. त्यात धोका नाही, फक्त घरापर्यंत चालत जावं लागेल. अर्थ गळतीला मात्र फक्त शेडचा पडेल, आणि शेडमध्ये बऱ्याचदा तक्रार तीच असते. आयसोलेटर दाराच्या आत हाताशी येईल असा लावा, बाकाच्या मागे नको.

चिकित्सक
यादी चोख आहे. काम झाल्यावर वायरमनकडून तीन मोजमापं कागदावर घ्या: केबलचा इन्सुलेशन रोध, शेडच्या शेवटच्या सॉकेटवरचा लूप इम्पीडन्स, आणि प्रत्येक आरसीबीओ किती मिलिसेकंदांत पडला तो वेळ. टेस्टचं बटण अधूनमधून दाबत राहा, पण ते फक्त आतली यंत्रणा हलते का तेवढंच सांगतं. अर्थची वायर तुटलेली असली तरी बटण छान चालतं.

बकुळ
तिन्ही मोजमापं घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देणार नाही, असं वायरमनला सांगितलं. तो म्हणाला, टेस्टर माझ्याकडे आहे, तुम्ही नसतं विचारलं तरी मोजलंच असतं. सोमवारी खणायला सुरुवात. आकडे आले की इथेच टाकते.

खांबावरचा
खड्डा बुजवण्याआधी केबलच्या मार्गाचे फोटो काढा, कुंपणापासूनचं अंतर टेप लावून दिसेल असे. आणि त्याच खड्ड्यात एक रिकामा पाइप टाकून ठेवा.